पाच एकर, बोअरचं पाणी आणि हरणं: हंटरडन काउंटीत शेतघर घ्यावं का?

हे प्रकरण माझ्या मावसभावाच्या घराचं आहे. तो आणि त्याची बायको न्यू जर्सीत एडिसनला टाउनहाऊसमध्ये राहतात. तो ब्रिजवॉटरच्या बाजूला आयटीत, ती न्यू ब्रन्सविकला एका लॅबमध्ये; दोन शाळकरी मुलं. ग्रीन कार्ड हातात आलं आणि बरीच वर्षं डोक्यात घोळणारी गोष्ट दोघांनी बोलून दाखवली. थोडी जमीन असलेलं घर घ्यायचं. भाजीपाला घरचा, पंधरा-वीस कोंबड्या, मधाच्या दोन पेट्या, जमल्या तर शेळ्या. नोकरी कुणीच सोडणार नव्हतं. जागा म्हणून त्यांनी न्यू जर्सीच्या पश्चिमेकडची हंटरडन काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मनात धरली होती. मी शेजारच्या सॉमरसेट काउंटीत राहते आणि रटगर्स विद्यापीठाच्या कृषी विस्तार सेवेत मास्टर गार्डनर, म्हणजे बागकामाचं प्रशिक्षण घेऊन लोकांना सल्ला देणारी, म्हणून स्वयंसेवा करते, त्यामुळे ‘ताई, तू बघायला चल’ हे ओघानं आलंच.

ग्रीन कार्ड येईपर्यंत ते थांबले हे बरं झालं. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, असताना स्वतःच्या शेतातला माल विकणं हे परवानगी नसलेलं काम ठरू शकतं. जमीन दुसऱ्याला कसायला देऊन भाडं घेणं वेगळं. या वाटेनं जायचा विचार असेल तर घर दाखवणाऱ्या एजंटच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावं. गावाकडे जमीन घ्यायचा पर्याय त्यांनी कधीच बाजूला ठेवला होता. परदेशस्थ भारतीयाला तिकडे शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आलेली तेवढी ठेवता येते. वाळवा तालुक्यात मावशीचा ऊस आहे, तो येईल तेव्हा येईल. न्यू जर्सीत शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असल्याचा दाखला लागत नाही. पैसे असले की जमीन नावावर होते, आणि खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात.

काउंटी कशी आहे

हंटरडन धड गाव नाही आणि धड उपनगरही नाही. २६ नगरपालिका आणि टाउनशिप (स्वतःचे नियम करणारी गावपातळीवरची स्थानिक संस्था), २०२० च्या जनगणनेत सुमारे १ लाख २९ हजार माणसं, मुख्य ठिकाण फ्लेमिंग्टन. पूर्वेकडे रेडिंग्टन, क्लिंटन, रॅरिटन टाउनशिप या भागात आय-७८ आणि २०२ नंबरच्या रस्त्यालगत वसाहती, दुकानं, ऑफिसं. पश्चिमेला डेलावेअर नदीकडे सरकलं की किंगवुड, अलेक्झांड्रिया, डेलावेअर टाउनशिप: गवताची कुरणं, मका, सोयाबीन, घोड्यांचे तबेले आणि मधूनच एखादं तीन गॅरेजवालं नवं घर. उत्तरेचा डोंगराळ भाग २००४ च्या हायलँड्स कायद्याखाली येतो. तिथे नवीन बांधकामावर निर्बंध आहेत, म्हणून आहे तेच घर घ्यावं आणि फार तोडफोडीची स्वप्नं बघू नयेत.

शेती इथे नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही काउंटी पीच फळासाठी नावाजलेली होती. सॅन होजे खवलेकिडीनं त्या बागा मोडल्या. मग कोंबड्या आल्या. १९३० मध्ये फ्लेमिंग्टनला अंड्यांचा सहकारी लिलाव सुरू झाला. आज उरलंय ते मुख्यतः गवत, धान्य, घोडे आणि रस्त्याकडेची भाजीची टपरी.

रेल्वेचं सांगायचं तर रॅरिटन व्हॅली मार्गाची व्हाइटहाऊस, लेबनन, ॲनन्डेल आणि हाय ब्रिज ही स्टेशनं काउंटीत आहेत. पण रॅरिटनच्या पुढे गाड्या मोजक्या, आणि शनिवार-रविवारी तर पुढे जातच नाहीत. रोज न्यूयॉर्कला जाणाऱ्यानं या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भाऊ आठवड्यात तीन दिवस ब्रिजवॉटरला जातो, त्याला पाऊण तास चालण्यासारखा होता. भावजयीला न्यू ब्रन्सविकपर्यंत तासाच्या वर लागणार होता, आणि कागदावर हा मुद्दा प्रत्येक वेळी शेवटी लिहिला जात होता. मी तो वर आणायला लावला. संध्याकाळी साडेसहाला घरी पोचणाऱ्या माणसाच्या हातात ऑक्टोबरात उजेडच उरत नाही.

पाच एकरांची अट

त्यांना आवडलेलं पहिलं घर पूर्वेकडचं. उजेड येणारं, स्वयंपाकघर नवं, स्टेशन दहा मिनिटांवर, मागे उताराचं सुंदर कुरण. क्षेत्र ५.८ एकर. जाहिरातीत ‘शेतीसाठी उत्तम’ असं लिहिलेलं. भाऊ तिथेच अर्धा विरघळला.

न्यू जर्सीचा मालमत्ता कर अमेरिकेत सर्वात चढा. २०२४ मध्ये राज्यातल्या घराचा सरासरी कर वर्षाला दहा हजार डॉलरांच्या पुढे गेला. या ओझ्यातून जमिनीपुरती सुटका देणारा कायदा १९६४ चा, फार्मलँड असेसमेंटचा. त्याखाली बसणाऱ्या जमिनीचं मूल्यांकन बाजारभावानं होत नाही, ती शेती म्हणून काय पिकवेल त्यावर होतं, आणि तो आकडा बाजारभावापुढे नगण्य असतो. घर आणि घराखालची जागा मात्र पूर्ण दरानंच. अटी अशा: किमान पाच एकर जमीन प्रत्यक्ष शेतीखाली हवी, कराच्या वर्षाआधी सलग दोन वर्षं ती शेतीखाली असायला हवी, आणि पहिल्या पाच एकरांवर वर्षाला सरासरी हजार डॉलरांची विक्री हवी. वरच्या शेतीच्या प्रत्येक एकराला आणखी पाच डॉलर. विक्रीचा आकडा पूर्वी पाचशे होता, २०१५ पासून हजार झाला.

खाच पहिल्याच अटीत आहे. पाच एकर ‘शेतीखाली’ हवी. घर, अंगण, गाडीचा रस्ता, सांडपाण्याच्या सेप्टिक टाकीची जागा, मुलांचा झोपाळा हे सगळं वजा होतं. साधारण एक एकर धरून चालायचं. ५.८ मधून एक गेला की उरले ४.८. म्हणजे ती जमीन कितीही नांगरा, कितीही मेथी विका, कर पूर्ण घराचा. आठ गुंठ्यांनी गेलं. दलालाला हे माहीत नव्हतं की माहीत असून बोलला नाही, त्या वादात मी शिरत नाही. ५.१ ते ५.९ एकरांची घरं या काउंटीत वरचेवर विकायला येतात, आणि घेणारा ‘पाचच्या वर आहे ना’ म्हणून खूश होतो.

अर्थात शेतघर म्हणजे करसवलतच असं नाही. दोन एकरांतही भरपूर पिकतं, आणि ज्याला फक्त घरापुरती भाजी आणि सहा कोंबड्या हव्यात त्यानं दोनच एकर घ्यावेत. पाचांच्या आतबाहेरची जमीन ही सगळ्यात वाईट खरेदी: किंमत मोठ्या जमिनीची, काम मोठ्या जमिनीचं, कर बंगल्याचा.

नऊ एकर, पठारावर

दुसरी जागा पश्चिमेकडच्या पठारावर, नऊ एकरांची. एक एकर घराभोवती, सहा एकर गवत, दोन एकर जंगल. घर १९७० च्या दशकातलं, बुटकं, तेलावर तापणारं. पाइपचा गॅस या भागात नाही, त्यामुळे तेल किंवा प्रोपेन. जुन्या घराच्या आवारात तेलाची टाकी पुरलेली आहे का हे धातू शोधणारं यंत्र फिरवून बघावंच लागतं. गळकी टाकी निघाली तर माती उपसण्याचा खर्च शेतीच्या सगळ्या गणिताला गिळतो. इथे टाकी तळघरात होती, हे एक बरं.

जमीन आधीपासून फार्मलँड असेसमेंटखाली होती. शेजारचा एक शेतकरी वर्षातून दोनदा गवत कापून घोडेवाल्यांना विकायचा. त्या गवताच्या विक्रीतून हजाराचा आकडा सुटत होता. म्हणजे दोन वर्षांची वाट बघणं नाही. फक्त मालक बदलला की नव्या मालकानं नव्यानं अर्ज करायचा, आणि तो दर वर्षी आदल्या वर्षीच्या १ ऑगस्टपर्यंत. जमिनीचं भाडं त्या हजारात धरत नाहीत. विकलेला माल धरतात. म्हणून शेतकऱ्याशी लेखी करार आणि त्याच्याकडून विक्रीचा कागद, या दोन गोष्टी मी पहिल्याच भेटीत भावाच्या वहीत लिहायला लावल्या. पुढे कधी जमिनीचा वापर बदलला तर त्या वर्षाचा आणि मागच्या दोन वर्षांचा वाचवलेला कर परत भरावा लागतो, हेही.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. मावशी नुकतीच इस्लामपूरहून आलेली. आम्ही सगळे आतल्या खोल्या बघत होतो आणि ती कधी बाहेर गेली कळलं नाही. खिडकीतून बघते तर ही बाई नऊवारी खोचून, सुनेचे गमबूट घालून कुरणाच्या मधोमध उभी. हाक मारली तर तिनं हात करून मलाच बोलावलं.

“तू बघितलंस का गं हे? हितं पाणी थांबतंय.” तिनं पायानं जमीन दाबली, टाचेच्या खळग्यात पाणी भरलं. “आणि ही लव्हाळ्यासारखी जात बघ. पाऊस पडून किती दिस झालं?”

चार दिवस झाले होते. तिला इंग्रजी येत नाही, इथला भूगोल माहीत नाही, पण लव्हाळा जिथे जमतो तिथे निचरा नाही हे तिच्या पायाला ठाऊक होतं. संध्याकाळी आम्ही अमेरिकी कृषी खात्याच्या मृदा सर्वेक्षणाचा नकाशा उघडला. तो फुकट आहे, कुठल्याही जागेभोवती चौकोन आखला की मातीची नावं देतो. मावशी उभी होती तिथे क्रोटन, वरच्या अंगाला चालफाँट. दोन्ही गाळमातीच्या जाती, आणि दोन्हींत खाली हात-दीड हातावर एक घट्ट, जवळजवळ दगडासारखा थर. पाणी त्याच्याखाली मुरत नाही. वसंतात वर तळं, ऑगस्टात तीच माती वीट. पठारावर हे सर्रास आहे. पूर्वेच्या लाल शेल खडकावरच्या ‘पेन’ नावाच्या मातीत निचरा बरा, पण खडक दीड-दोन हातांवर. खोल, सुपीक माती हवी असेल तर उत्तरेला मस्कनेटकाँगच्या चुनखडीच्या खोऱ्यात जावं लागतं.

म्हणजे जागा सोडायची का? गवताला ही माती चालते, म्हणून तर तिथे गवत आहे. भाजीसाठी मात्र सपाट सरी-वरंब्याचा विचार सोडून द्यायचा आणि वरच्या अंगाला उंच गादीवाफे करायचे. मावशीचं मत होतं खालच्या कडेनं चर काढावा. मी थांबवलं. ओलसर जमीन इथे पाणथळ म्हणून संरक्षित असू शकते, आणि तसा चर राज्याच्या परवानगीशिवाय खणता येत नाही. “स्वतःच्या रानात चर काढायला परवानगी?” ती दोन दिवस याच विषयावर बोलत होती.

बोअर

माझ्या दृष्टीनं सगळ्या प्रकरणाचा निकाल इथे लागतो. या भागात नळाचं पाणी नाही. प्रत्येक घराची स्वतःची बोअर. पठाराखाली लॉकाटाँग नावाचा खडक आहे, आर्जिलाइट: वीस कोटी वर्षांहून जुन्या तळ्यांच्या तळाचा चिखल दगड झालेला. भेगा कमी, त्यामुळे पाणी कमी. आणि त्याच खडकात नैसर्गिकरीत्याच आर्सेनिक आहे. ते कुणी टाकलेलं नाही, पाण्याला चव-वास नाही, उकळून जात नाही. उलट उकळल्यावर पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.

न्यू जर्सीत बोअर असलेलं घर विकताना पाण्याची तपासणी कायद्यानं करावीच लागते. पण कायदा तपासा म्हणतो, शुद्ध करून द्या म्हणत नाही. दोघांनी निकाल वाचला अशी सही झाली की व्यवहार पुढे सरकतो. गर्दीच्या बाजारात घाईनं सह्या करणारे कमी नाहीत.

निकाल आला: आर्सेनिक लिटरला ९ मायक्रोग्रॅम. विकणाऱ्याच्या बाजूनं लगेच निरोप, देशाची मर्यादा १० आहे, पाणी पास आहे. देशाची १० आहे हे खरं. न्यू जर्सीची २००६ पासून ५ आहे, आणि घर न्यू जर्सीत होतं. घरात येणारं सगळं पाणी गाळणारी यंत्रणा बसवायची तर तीन-साडेतीन हजार डॉलर, शिवाय ठरावीक काळानं आतलं माध्यम बदलणं. हे पैसे किमतीतून कापून घेतले.

पाण्याच्या प्रमाणाचं तसं नव्हतं, ते पैशानं वाढत नाही. बोअर ३०० फूट खोल, येणारं पाणी मिनिटाला दोन गॅलन. घराला पुरतं, कारण सहा इंची बोअर स्वतःच टाकीचं काम करते: पाण्यानं भरलेल्या प्रत्येक फुटात जवळपास दीड गॅलन, म्हणजे २५० फूट पाणी असेल तर साडेतीनशेहून जास्त गॅलन उभे. पण शेताला? अर्ध्या एकरावर, म्हणजे वीस गुंठ्यांवर, एक इंच पाणी द्यायचं तर साडेतेरा हजार गॅलन लागतात. ही बोअर चोवीस तास उपसली तरी दिवसाला २,८८० गॅलन. पंप असा चालवला तर दुसऱ्या दिवशी अंघोळीला पाणी नाही. मग ठिबक, तेही फक्त वाफ्यांवर, वर गवताचं आच्छादन, आणि घराच्या छपराचं पाणी टाक्यांत.

इथे पाऊस वर्षाला सरासरी ४५ इंचांच्या आसपास, तोही बाराही महिने विभागून, म्हणून बरेच लोक पाण्याचा हिशेब करतच नाहीत. २०२४ चा ऑक्टोबर न्यू जर्सीच्या नोंदींतला सर्वात कोरडा ठरला आणि नोव्हेंबरात राज्यानं दुष्काळाचा इशारा दिला. त्या महिन्यात पठारावरच्या माणसाला विचारायला हवं होतं.

आणखी एक, शहरातून येणाऱ्याच्या लक्षात न येणारी गोष्ट: वीज गेली की पाणी गेलं. बोअरचा पंप विजेवर. २०१२ च्या सँडी वादळात या भागात बऱ्याच घरांना आठवडाभर आणि जास्तही वीज नव्हती. जनरेटर ही चैन नाही, किमतीत धरायची वस्तू आहे.

हजार आणि अडीच हजार यांच्यामध्ये

निमशहरी काउंटीचा सर्वात वेगळा प्रश्न म्हणजे शेजार. आमच्या जागेच्या एका बाजूला गवतवाला शेतकरी, दुसऱ्या बाजूला गेल्या दशकात बांधलेली चार घरं. त्यांनी शेताचं दृश्य विकत घेतलंय, शेताचा वास आणि आवाज नाही.

त्यासाठी राज्यात १९८३ चा शेतीचा हक्क देणारा कायदा आहे. तक्रार आली तर ती आधी काउंटीच्या शेती विकास मंडळापुढे जाते, आणि मान्य पद्धतीनं चालणाऱ्या शेतीला टाउनशिपच्या बऱ्याच बंधनांपासून संरक्षण मिळतं. पण हे संरक्षण ‘व्यावसायिक शेता’ला. पाच एकर किंवा जास्त जमीन असेल तर वर्षाला अडीच हजार डॉलरांचं उत्पादन हवं. पाचांच्या आत असाल तर पन्नास हजारांचं. म्हणजे हजार डॉलरांची विक्री केली की करापुरते तुम्ही शेतकरी झालात, पण कोंबडा पहाटे आरवला आणि शेजाऱ्यानं तक्रार केली तर तुम्ही फक्त टाउनशिपचा नियम मोडणारे घरमालक. हजार आणि अडीच हजारांच्या मधल्या या पट्ट्यात बहुतेक हौशी शेतघरं बसतात आणि त्यांना ते ठाऊक नसतं. कोंबड्या किती, कोंबडा चालतो का, खुराडं हद्दीपासून किती लांब, हे प्रत्येक टाउनशिपचं वेगळं आहे. रस्ता ओलांडला की नियम बदलतो.

दुसरीकडे हाच शेजार गिऱ्हाईक आहे, आणि ही बाजू मला जास्त वजनदार वाटते. दूर कुठे स्वस्तात चाळीस एकर घेणाऱ्याला अंडी विकायला गाव शोधावं लागतं. इथे रस्त्याकडेला टपरी, त्यात पैशाचा डबा, आणि कामावरून घरी जाणारी माणसं थांबतात. फ्लेमिंग्टनला ड्वूर फार्मवर हंटरडन लँड ट्रस्टचा रविवारचा शेतकरी बाजार आहे. तासाच्या अंतरात एडिसन, ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर, मराठी शाळांचे पालक. कोवळी भेंडी, गवार, अळूची पानं, मेथीच्या जुड्या यांना इथे गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकली की पुरते. अडीच हजारांचा आकडा गवत आणि भाजी मिळून गाठता येतो, असं माझं मत पडलं.

काय विकता येत नाही तेही बघितलं. कच्चं दूध विकायला न्यू जर्सीत बंदी आहे; नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात परवान्यावर चालतं. घरच्या स्वयंपाकघरात बनवलेले पदार्थ विकायची परवानगी २०२१ पासून मिळते, पण ठरावीक पदार्थांनाच. कोरडा मसाला त्यात बसतो, लोणचं बसत नाही. मावशीच्या गोड्या मसाल्याला बाजार आहे, पण धणे-लवंगा दुकानातून आणलेल्या, त्यामुळे ते पैसे शेतीच्या हजारात धरता येत नाहीत.

हरणं, गोचिडी आणि पाच महिने

हरणांबद्दल दोन मतं नाहीत. राज्यात सर्वात जास्त हरणांची शिकार होणाऱ्या काउंट्यांत हंटरडन नेहमी वर असते, आणि तरीही ती हटत नाहीत. आठ फुटांचं कुंपण नसेल तर भाजी लावू नये. साबण, केस, चमकणाऱ्या पट्ट्या यांत पैसे घालवू नयेत. वीस गुंठ्यांच्या चौकोनाला सुमारे ५९० फूट कुंपण लागतं, आणि कंत्राटदारानं सांगितलेला भाव ऐकून भावानं बागेचा आकार तिथल्या तिथे निम्म्यावर आणला. बरं केलं, दोन नोकऱ्या सांभाळून दहा गुंठेही भरपूर होतात.

गोचिडीचा विषय गंभीर. लाइम रोग राज्यात जिथे जास्त आढळतो त्यांत ही काउंटी आहे. मे ते जुलैमधली पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी, दिसतच नाहीत. मुलांना रोज संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या मुळाशी तपासायचं, हे जेवणाइतकं नेमानं करावं लागतं. द्राक्षवेल लावायचा विचार होता तो वेलींचा रस शोषणाऱ्या ठिपकेदार लँटर्नफ्लायमुळे सोडला. हा कीटक २०१४ मध्ये शेजारच्या पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा सापडला आणि २०१८ मध्ये न्यू जर्सीनं क्वारंटाइन लावला त्या पहिल्या तीन काउंट्यांत हंटरडन होती.

हंगाम साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, थंडीचा पट्टा (कृषी खात्याच्या नकाशात हिवाळ्यातल्या किमान तापमानावरून ठरणारा) ६ बी ते ७ ए. मेथी एप्रिलात आणि पुन्हा सप्टेंबरात छान येते. कोथिंबीर जूनच्या उन्हात तुऱ्यावर जाते. भेंडी माती तापल्याशिवाय टोकू नये. कारली, दोडका घरात रोपं करून मग बाहेर. अळूचे कंद थंडीआधी काढून तळघरात. कढीपत्ता कायम कुंडीत. शेवग्याचा नाद करू नये. मावशीनं शेवग्याचं बी आणलं होतंच.

काय ठरलं

मी माझं मत सरळ सांगितलं. स्वयंपूर्ण व्हायचं असेल तर ही काउंटी चुकीची: जमीन महाग, कर महाग, पाणी तोकडं. पगार चालू ठेवून, गवत दुसऱ्याकडून कापून घेऊन, दहा गुंठ्यांत मन लावून पिकवून शेजाऱ्यांना विकायचं असेल तर न्यू जर्सीत यापेक्षा बरी जागा मला माहीत नाही. पण पठारावरची ही विशिष्ट जागा घ्यायची ती पाणी बघून, पाण्याच्या अटीवर.

भावजयीचा प्रश्न वेगळा होता. “ताई, करात वर्षाला दोन-अडीच हजार वाचणार आणि माझे रोज दोन तास गाडीत जाणार. हे धरलंय का कुणी?” कुणी धरलं नव्हतं. तिनं लॅबमध्ये आठवड्याला चार लांब दिवसांची पाळी मागून घेतली आणि ती मिळाल्यावरच होकार दिला. माझ्या मते सगळ्या कागदपत्रांत तोच सर्वात महत्त्वाचा कागद होता.

खरेदी झाली. आर्सेनिकची यंत्रणा बसली, सहा महिन्यांनी पुन्हा पाणी तपासायचं. सेप्टिकच्या तपासणीत एक झाकण फुटलेलं निघालं, ते विकणाऱ्यानं बदलून दिलं. तळघरात रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू जास्त निघाला, त्याचा पंखा बसवला. या काउंटीत हे नेहमीचं. गवतवाल्याशी एक वर्षाचा लेखी करार झाला, आणि १ ऑगस्टच्या आत अर्ज टाउनशिपच्या कर कार्यालयात पोचला. वरच्या अंगाला दहा गुंठ्यांभोवती कुंपण उभं आहे, आत गादीवाफे, पहिल्या शरदात लसूण लावला. कोंबड्या बारा, कोंबडा नाही. अडीच हजारांचा आकडा कागदावर दिसल्याशिवाय तो आणायचा नाही असं ठरलंय. शेळ्यांचा विषय भावजयीनं लांबणीवर टाकलाय. दूध विकता येणार नाही, कुंपण आणखी लागेल, आणि दोघं कामावर असताना शेळी व्यायला बसली तर घरी कोण, या प्रश्नाचं उत्तर मावशीच्या सहा महिन्यांच्या व्हिसावर सोडता येत नाही.